पंडिता रमाबाईंची ईश्वरसेवा आणि त्यांचा आनंद

१

महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळाचा इतिहास लिहिताना पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे सामान्यतः दोन भाग पाडले जातात. पहिल्या भागात कलकत्त्याच्या विद्वत्सभेने गौरविलेली संस्कृतज्ञ स्त्री, ‘स्त्रीधर्मनीति’ची लेखिका, आर्य महिला समाजाची संस्थापक आणि शारदा सदनाची चालक उभी राहते. दुसऱ्या भागात केडगावच्या माळरानावर प्रार्थनेत आणि अनाथांच्या संगोपनात बुडून गेलेली, सार्वजनिक जीवनाला अंतरलेली ख्रिस्तोपासक स्त्री दिसते. पहिला भाग भरतीचा आणि दुसरा ओहोटीचा, असा अध्याहृत निवाडाही या विभागणीत असतो. वाङ्मयेतिहासात तर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथानंतर रमाबाईंचे नाव जवळजवळ लुप्त होते. वस्तुतः त्यांच्या लेखणीने केलेले सर्वांत मोठे काम, म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर, त्यानंतरचे आहे.

या उत्तरायुष्याची संगती लावावयाची तर एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. पांडित्याची प्रतिष्ठा, कीर्ती आणि स्वसमाजाची मान्यता ज्या स्त्रीच्या हातून एकामागून एक सुटत गेली, तिला त्यात हानी का जाणवली नाही? १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी या अवस्थेचे वर्णन समाधान आणि आनंद याच शब्दांत केले आहे. हा आनंद त्यांना बाप्तिस्म्याबरोबर मिळाला नाही. तो उशिरा आला, आणि आल्यानंतर सेवेच्या कसोटीवर सतत घासला गेला. त्यांच्या जीवनक्रमाचा या सूत्राने मागोवा घेतल्यास वर उल्लेखिलेल्या दोन भागांमधील दरी पुष्कळशी भरून येते.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न चित्पावन पंडित होते. पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी गुरुगृही असताना पाहिले होते, आणि तेव्हापासून स्त्रीला देववाणीचा अधिकार आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली होती. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला, आणि स्वकीयांच्या रोषामुळे अरण्यवास पत्करावा लागला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या धाकट्या मुलीला मुखोद्गत करविली. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या टोपलीत घालून मजुराच्या डोक्यावर देण्यात आले होते. पुढील सोळा वर्षे या कुटुंबाला स्थिर घर असे लाभलेच नाही.

देवळांतून आणि घाटांवर पुराणे सांगावीत, मिळेल त्यावर निर्वाह करावा, दानधर्म आणि व्रते निष्ठेने आचरावीत, असा हा जीवनक्रम होता. त्यात दांभिकता नव्हती. अनंतशास्त्र्यांनी आपले सर्व द्रव्य धर्मकृत्यांत वेचले. परंतु दुष्काळ आला तेव्हा या निष्ठेने त्यांना तारले नाही. शास्त्राध्ययनावाचून दुसरी विद्या नव्हती, अंगमेहनत करण्याची सवय नव्हती, आणि भिक्षा मागण्याची लाज होती. १८७४ मध्ये उपासमारीने थकलेल्या अनंतशास्त्र्यांचा मद्रास इलाख्यात अंत झाला. पाठोपाठ आई गेली आणि पुढे थोरली बहीण पटकीने गेली. मृत्यूपूर्वी वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन, तू ईश्वराची आहेस आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाची आज्ञा केली होती. रमाबाईंना ही आज्ञा कधी विसरता आली नाही. ईश्वर कोण याविषयीची त्यांची कल्पना पुढे पूर्णतः पालटली, तरी सेवेचे ते वचन त्यांनी मोडले असे म्हणता येणार नाही.

३

भाऊ श्रीनिवास याच्यासह रमाबाई पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. विशीतील स्त्रीला मिळालेला हा मान अपूर्व होता. त्याच नगरीत मात्र त्यांच्या श्रद्धेला तडा गेला. स्त्रियांपुढे धर्मकर्तव्यांविषयी व्याख्याने देण्याच्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ प्रथमच बारकाईने पाहिले. अनेक बाबतींत परस्परविरोधी असलेली ती शास्त्रे एका बाबतीत एकमताची असल्याचे त्यांना आढळले. स्त्रीला, मग ती कोणत्याही वर्णाची असो, आणि शूद्राला त्यांच्या त्या देहात मोक्ष नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष्यभर देवसेवा करूनही आईला जे मिळणार नव्हते, ते मागण्याचा अधिकार मुलीलाही नव्हता. पुढे आपल्या आश्रमाला रमाबाईंनी ‘मुक्ति’ हे नाव दिले. या नावात कलकत्त्यातील त्या शोधाला दिलेले उत्तर आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

१८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती जातीने ब्राह्मणेतर असल्यामुळे हा विवाह दोन्हीकडे रोषाला कारण झाला. आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि ख्रिस्ती धर्माविषयीची जिज्ञासा जागी झाली. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे रमाबाईंनी गमावली होती. त्या वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली. पुण्यातच पंडित नेहेम्या नीलकंठ गोरे यांच्याशी त्यांची धर्मचर्चा झाली.

वैद्यकाचे शिक्षण घ्यावे या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनी संघाच्या आश्रयास राहिल्या. श्रवणशक्ती क्षीण असल्याने वैद्यकाचा बेत सोडावा लागला. परंतु लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी जे पाहिले त्याने त्यांच्या विचारांना निर्णायक वळण मिळाले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी आपल्या घरात ठेवून प्रेमाने सांभाळत होत्या. ज्या स्त्रीला शास्त्राने कठोर शिक्षा सांगितली, तिला कोणी उराशी धरावे याचे कारण काय, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना दाखविण्यात आली. ज्यांना कोणीच पत्करीत नाही अशा स्त्रियांची सेवा हेच ज्याच्या उपासनेचे रूप आहे, तो ईश्वर त्यांना प्रथम तेथे दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

४

येथवरच्या कथेवरून बाप्तिस्म्याने रमाबाईंचा शोध संपला असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार मतभेदांनी भरलेला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा अलौकिक जन्म, धर्मसंस्थेचा अधिकार यांपैकी कोणतीही गोष्ट त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. शास्त्रीपंडितांचे जोखड झुगारून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांचे जोखड मानेवर घ्यावे, हे त्यांना पटणारे नव्हते. त्या काळात ख्रिस्ती धर्म त्यांना बुद्धीने ग्राह्य वाटला होता आणि त्यातील करुणा त्यांना प्रिय होती. अंतःकरणाला स्वास्थ्य मात्र लाभले नव्हते. धर्म मिळाला, पण त्या धर्माचा धनी मिळाला नाही, अशा स्वरूपाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली आहे.

बाहेरून पाहता ही वर्षे यशाची होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन व अध्ययन केले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये निघाला. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या नियोजित कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, असा नियम होता. केशवपन टळलेल्या, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या तरुण विधवा पुण्यात प्रथम दिसू लागल्या त्या या सदनामुळे. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत्या.

याच काळात, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त रमाबाईंच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यानंतर आपल्याला खऱ्या श्रद्धेचा अनुभवच नव्हता हे या उपदेशकाला कळून चुकले होते. आपलीही अवस्था तीच असल्याचे रमाबाईंच्या ध्यानात आले. आपल्या पुण्याईने, विद्येने वा सत्कृत्यांनी ईश्वराचे देणे फेडण्याचा प्रयत्न त्या तोवर करीत होत्या. अनंतशास्त्र्यांच्या व्रतदानांपेक्षा या प्रयत्नाची जात फारशी वेगळी नव्हती. जे कमवावयाचे म्हणून त्या झटत होत्या ते विनामूल्य दिले गेले आहे, हा प्रत्यय आल्यानंतर त्यांच्या लेखनात प्रथमच निःशंक आनंदाचा सूर उमटू लागला. हा क्रम लक्षणीय आहे. सेवा त्यांनी याआधीही केली होती, पण तिच्यामागे ऋणको माणसाची धडपड होती. यापुढची सेवा कृतज्ञतेतून झाली.

या आनंदाची किंमत लगेच द्यावी लागली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मोठ्याने प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपखुशीने तेथे येऊन बसू लागल्या. सदनाच्या निधर्मी नियमाचा हा भंग आहे, अशी ओरड झाली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. टीकाकारांच्या बाजूने एवढे म्हणावयास हवे की, पालकांनी ज्या आश्वासनावर मुली पाठविल्या होत्या त्याचे स्वरूप या उघड्या दारामुळे संदिग्ध झाले होते, आणि रानडे-भांडारकरांची अडचण केवळ लोकभयाची नव्हती. रमाबाईंच्या बाजूने पाहता, स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून करावी ही अट त्यांना अप्रामाणिकपणाची वाटत होती. या वादानंतर पुण्याच्या सुधारकवर्तुळात त्यांना स्थान उरले नाही.

५

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने मेलेल्या आई-वडिलांच्या मुलीला हा दुष्काळ परका नव्हता. मदत छावण्यांतून आणि रस्त्यांवरून हिंडून त्यांनी शेकडो मुली व बायका गोळा केल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर त्यांना न्यावे लागले. ‘मुक्ति’ची सुरुवात अशी झाली. १८९९-१९०० मधील छप्पनच्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय बालविधवा होत्या, तर मुक्तीत सर्व जातींच्या, रोगी, अपंग, फसविल्या गेलेल्या आणि वृद्ध स्त्रिया होत्या. कृपा सदन, प्रीति सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन अशी एकेक शाखा गरजेप्रमाणे निघत गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय, छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. अंगमेहनतीची लाज हे आपल्या कुटुंबाच्या नाशाचे एक कारण होते, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. आश्रमातील प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकविले जाई, त्यामागे सोळाव्या वर्षीचा तो अनुभव होता. स्वतः रमाबाई जाडीभरडी पांढरी साडी नेसत आणि शाकाहारी राहिल्या. नियमित वर्गणीचे पाठबळ मर्यादित असताना दोन हजार माणसांच्या अन्नाची चिंता त्यांनी प्रार्थनेवर सोपविली होती. ही निष्क्रियता नव्हती, कारण त्याच वेळी त्या विहिरी खणून घेत होत्या आणि हिशेब ठेवीत होत्या.

श्रद्धेमुळे रमाबाईंची टीकाबुद्धी मावळली, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्यावर त्यांनी वृत्तपत्रातून इतकी परखड टीका केली की, तिचा प्रतिध्वनी ब्रिटिश पार्लमेंटात उमटला. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणून राज्यकर्त्यांचा पक्ष त्यांनी स्वीकारला नव्हता.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीत सामूहिक धार्मिक जागृतीची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्यांचे रडणे, हसणे, गाणे तासन्‌तास चालत असे. शिस्तप्रिय युरोपीय मिशनऱ्यांपैकी काहींना हा प्रकार रुचला नाही. रमाबाईंनी मात्र तो दडपला नाही. ज्या मुलींना आयुष्यात कोणी मोठ्याने बोलूही दिले नव्हते, त्यांच्या आनंदाला पाश्चात्त्य उपासनेचे माप लावावे, हे त्यांना मान्य नव्हते. देशी वाद्यांवरील भजन आणि मराठी गीते यांना त्यांनी मुक्तीच्या उपासनेत स्थान दिले, आणि स्वतःही गीते रचली.

६

या सेवेचे अखेरचे रूप वाङ्मयीन होते. प्रचलित मराठी बायबल मिशनरी आणि त्यांचे साहाय्यक पंडित यांच्या हातून सिद्ध झालेले होते, आणि त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. मुक्तीतील खेड्यांतून आलेल्या स्त्रियांना ती कळत नाही, हे रमाबाई रोज पाहत होत्या. शिवाय पौराणिक कल्पनांचे वलय असलेल्या शब्दांमुळे मूळ अर्थ झाकोळतो, अशीही त्यांची धारणा होती. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात करून त्यांनी संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले होते. खिळे जुळविणे, मुद्रण आणि बांधणी ही सर्व कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केली.

या निर्णयातील त्याग मराठीच्या अभ्यासकाला विशेष जाणवावा असा आहे. ज्या विद्येसाठी वडिलांनी अरण्यवास पत्करला, जी आईने कंठात घातली, जिच्यासाठी ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली, त्या संस्कृत विद्येचे वैभव त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात जाणीवपूर्वक दूर ठेवले. ‘स्त्रीधर्मनीति’ची पंडिती, समासबहुल भाषा आणि या भाषांतराची साधी, खडबडीत भाषा शेजारी ठेवून पाहिल्यास रमाबाईंच्या आयुष्याचा प्रवास गद्यशैलीतच वाचता येतो. ‘स्त्रीधर्मनीति’ स्त्रियांना उपदेश करते, तर भाषांतराची भाषा स्त्रियांच्या समजुतीपुढे नमते.

या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी तुलना उद्बोधक ठरते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती वारकरी संतांच्या अभंगपरंपरेला जोडली. जुन्या शब्दांतील भक्तीचे संस्कार त्यांना साहाय्यक वाटले. रमाबाईंना तेच संस्कार अडसर वाटले, कारण ज्या परंपरेने स्त्रीला मोक्षाचे दार बंद केले तिची परिभाषा त्यांना निरुपद्रवी वाटत नव्हती. वाङ्मयीन यशाच्या दृष्टीने टिळकांची वाट अधिक फलदायी ठरली, यात शंका नाही. मूळ शब्दांशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे रमाबाईंच्या भाषांतरातील वाक्यरचना अनेक ठिकाणी मराठीच्या वळणाची राहिलेली नाही, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. तथापि एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून पूर्ण केलेले समग्र बायबल ही जगाच्या भाषांतरेतिहासातही अत्यंत दुर्मीळ घटना आहे.

७

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईची दृष्टी, आईचा उजवा हात आणि आश्रमाची भावी चालक अशी ही एकुलती एक मुलगी होती. पाच मृत्यूंनी सुरू झालेल्या रमाबाईंच्या तारुण्याला उत्तरायुष्यात हा सहावा मृत्यू येऊन मिळाला. १८७४ मध्ये मृत्यूने त्यांची श्रद्धा हादरविली होती. १९२१ मध्ये ती हादरली नाही, आणि भाषांतराचे मुद्रितशोधन थांबले नाही. आनंद या शब्दाचा रमाबाईंच्या संदर्भातील अर्थ येथे स्पष्ट होतो. दुःखाचा अभाव असा तो अर्थ नव्हे. ज्याचे काम आहे त्याच्यावर विश्वास ठेवून, हातातले काम दुःखातही खाली न ठेवण्याची शक्ती, असा तो अर्थ आहे.

मुलीच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. तोपर्यंत भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींना दुष्काळातून उचलून आणले तेव्हा अक्षरओळखही नव्हती. मोक्षाचा अधिकार नाकारलेल्या स्त्रीने मोक्षाचा ग्रंथ आपल्या भाषेत आणावा आणि अक्षराचा अधिकार नाकारलेल्या स्त्रियांनी तो छापावा, ही घटना रमाबाईंच्या चरित्राची स्वाभाविक परिणती आहे. शारदा सदनाची चालक आणि मुक्तीची साधिका या दोन व्यक्ती नव्हत्या. अनंतशास्त्र्यांनी मरताना जी सेवा मागितली होती, तिचा शोध पहिल्या भागात झाला आणि तिचा आनंद दुसऱ्या भागात मिळाला. म्हणून या उत्तरायुष्याची, आणि त्यात घडलेल्या या उपेक्षित भाषांतराची, मराठी गद्याच्या इतिहासात नव्याने नोंद होणे अगत्याचे आहे.